दोन गाणी तरी ठेवा!

दिवसा मी बँकेच्या काउंटरवर नोटा मोजतो आणि रात्री उसाला पाणी भरतो. दोन्ही ठिकाणी माल दुसऱ्याचाच. नोटा खातेदाराच्या आणि ऊस कारखान्याचा. आपल्या हाताला लागतो तो फक्त ओलावा. दिवसा स्पंजचा, रात्री चिखलाचा.

आमचं गाव देवळाली प्रवरा, तालुका राहुरी, जिल्हा नगर, म्हणजे आता अहिल्यानगर. नाशिकजवळची लष्करी छावणीची देवळाली ती निराळी. इंग्रजीत डोकं फिरलेल्या माणसाला ‘डूलाली’ म्हणतात, तो शब्द त्या देवळालीवरून निघाला. आमच्या देवळालीला एवढी कीर्ती अजून लाभलेली नाही. मी प्रयत्नात आहे.

वडिलांनी मागे दीड एकर ऊस आणि एक विहीर ठेवली. विहिरीला पाणी आहे, विहिरीवर मोटर आहे, पण ज्या आठवड्यात वीज रात्रीची असते त्या आठवड्यात बी. कॉम. झालेल्या माणसालाही हातात बॅटरी आणि काठी घेऊन बांधावर बसावं लागतं. आणि आमच्याकडच्या उसात बिबट्या असतो. असतो म्हणजे आपल्याच उसात असेल असं नाही. पण नाहीच, असं वनखातंही लिहून देत नाही. आवाज असला की तो जवळ येत नाही म्हणतात. म्हणून रात्री आमच्या शिवारात बांधाबांधावर मोबाइल गात असतात. एका शेतात भजन, दुसऱ्यात लावणी, तिसऱ्यात शाहीर. बिबट्याचं संगीताचं शिक्षण नगर जिल्ह्यात जेवढं झालंय तेवढं माझंही झालेलं नाही.

तर अशाच एका रात्री मी विचार केला, रोज रोज तीच गाणी ऐकवून बिबट्यालाही कंटाळा येत असेल. आज काहीतरी दणदणीत विलायती लावावं. एल्विस प्रेस्लीचं नाव कॉलेजात असल्यापासून ऐकून होतो. गिटार, झुलपं, कंबर हलवून गाणं. बिबट्याच काय, वाघही पळावा. शोधता शोधता त्याचा एक अख्खा सिनेमाच सापडला. ‘फ्लेमिंग स्टार’, १९६० सालचा. घोडे, बंदुका, गुराखी. म्हटलं, झकास! दीड तास गाणी आणि गोळीबार. एवढ्यात सगळा ऊस भिजून निघेल.

सिनेमा सुरू झाला. नावं येतानाच एक गाणं झालं. थोड्या वेळानं घरात वाढदिवसाची मेजवानी, तिथे गिटारवर दुसरं. मी सरी बदलून येऊन आरामात टेकलो आणि तिसऱ्या गाण्याची वाट बघू लागलो.

तिसरं गाणं आलंच नाही.

आता माझी स्थिती लक्षात घ्या. मागे ऊस, पुढे काळोख आणि हातात जगातला सर्वांत लोकप्रिय गायक, जो तोंड मिटून घोड्यावर बसलाय! मी चिडलो. ‘अरे बाबा, गा ना!’ असं मी मोबाइलला मोठ्यानं म्हणालोसुद्धा. (तो आवाज बिबट्यासाठी उपयोगी पडला असेल तर देव जाणे.) पण मग हळूहळू काय झालं कोण जाणे, मी बघत राहिलो. या पोराचा बाप गोरा, आई कायोवा नावाच्या जमातीतली. दोन्हीकडची माणसं त्याला एकच विचारतात : तू कोणाचा, ते एकदा सांग. आईला गोऱ्याची गोळी लागते, बाप कायोवांच्या हातून मरतो. शेवटी घायाळ झालेला तो पोरगा घोड्यावरूनच भावाचा निरोप घेतो आणि मरायला डोंगराकडे निघून जातो. मी इतका गुंगलो की पाणी सरी फोडून शेजाऱ्याच्या घासात शिरलं ते मला सकाळी कळलं, तेही शेजाऱ्याच्या भाषेत.

दुसऱ्या दिवशी बँकेत हा प्रकार सांगितला आणि तिथून या लेखाला सुरुवात झाली.

आमच्या शाखेत जे हेडकॅशिअर आहेत त्यांना सगळेजण अण्णा म्हणतात. शाखेतल्या तिजोरीची एक किल्ली त्यांच्याकडे असते आणि जगातल्या सगळ्या प्रश्नांच्या उत्तरांची दुसरी. त्यांनी नोटांच्या बंडलाला पट्टी लावत शांतपणे निकाल दिला :

“गाणाऱ्यानं गावं, राव. आपला काउंटर सोडून दुसऱ्याच्या काउंटरवर बसायला सांगितलं कोणी त्याला?”

सगळी शाखा हो म्हणाली. खातेदारही हो म्हणाले. एक पेन्शनर आजोबा, जे हयातीचा दाखला द्यायला आले होते, तेही म्हणाले, “बरोबर आहे, ज्याचं त्यानं करावं.”

माझं सगळं भांडण या वाक्याशी आहे. ‘ज्याचं त्यानं करावं’ हे वाक्य ऐकायला फार शहाण्यासारखं आहे. महाराष्ट्रात ते आजीपासून आमदारापर्यंत सगळे म्हणतात. पण ज्याचं म्हणजे कोणाचं, आणि ते त्याचंच आहे हे ठरवलं कोणी, याचा कागद कोणी दाखवत नाही. बँकेत खातं उघडायला फोटो लागतो, सही लागते. आपण लोक मात्र दुसऱ्याच्या नावानं परस्पर खातं उघडतो, त्यावर ‘गायक’ असा शिक्का मारतो, आणि त्यानं दुसरी कुठली स्लिप भरली की काउंटरवरून परत करतो.

एल्विसचंच बघा. हा माणूस सैन्यातून सुटून आला १९६० च्या मार्चमध्ये. त्याच वर्षी त्याचा एक गाण्यानाचण्याचा सिनेमा आला, ‘जी. आय. ब्लूज’. तो धो धो चालला. महिनाभरानं हा आला. ही भूमिका आधी मार्लन ब्रँडोसाठी ठरवली होती म्हणतात. दिग्दर्शक डॉन सीगल, ज्यानं पुढे १९७१ साली ‘डर्टी हॅरी’ काढला. गाणी चार तयार झाली होती; त्यातली दोन कापली. म्हणजे कोणीतरी, कधीतरी, एकदा तरी म्हटलं असणार की या पोराला जरा अभिनय करू द्या! पण लोकांनी गल्ल्यावर उत्तर दिलं. हा सिनेमा बेताचाच चालला. पुढच्या वर्षी ‘ब्लू हवाई’ आला, गाण्यांनी गच्च भरलेला, आणि तो पुन्हा धो धो. मग कोण कशाला ऐकतंय? सगळे मिळून त्याचे एकतीस कथापट, आणि त्यातले बहुतेक समुद्रकिनारा, मुलगी, गाणं, मुलगी, गाणं, समुद्रकिनारा. १९७७ साली बेचाळिसाव्या वर्षी तो गेला. माझ्यापेक्षा लहानच म्हणायचा.

मी असं म्हणत नाही की तो ब्रँडो होता. नव्हताच. काही ठिकाणी तर तो घोड्यापेक्षा थोडा कमी अभिनय करतो. पण मग तसं म्हणा! काम बघा आणि नापास करा. काम न बघताच ‘हा आमचा गाणारा’ म्हणून पेपर परत करायचा, हा कुठला न्याय? आमच्या बँकेत कर्जाचा हप्ता थकला तरी नव्वद दिवस वाट बघतात, मग खातं अनुत्पादक ठरवतात. उसासारख्या दीर्घ मुदतीच्या पिकाला तर अख्खा एक हंगाम देतात. प्रेक्षक एक खेळ देत नाही.

“पण राव,” अण्णा म्हणाले, “ती अमेरिका. तिकडं गुराखी घोड्यावर बसतो. आपल्याकडं असं नसतं. आपल्याकडं कलावंताची कदर होती.”

अण्णांनी हे म्हणायला नको होतं. कारण अण्णा दर फाल्गुनात न चुकता नाथषष्ठीला पैठणला जातात. आमच्या गावाच्या नावातली प्रवरा टोक्याला गोदावरीला मिळते आणि ते पाणी पुढे पैठणच्या धरणात जातं, ज्याला नाथांच्याच नावावरून नाथसागर म्हणतात. तर या नाथभक्त अण्णांना मी विचारलं, “अण्णा, एकनाथांचं काम बालगंधर्वांनी केलं होतं, ठाऊक आहे?”

“बालगंधर्वांनी? त्यांनी रुक्मिणी केली, भामिनी केली, सिंधू केली. एकनाथ कुठला?”

झालं! हीच ती कदर.

साल १९३५. नारायण श्रीपाद राजहंस, वय सत्तेचाळीस. तीस वर्षं या माणसानं रंगभूमीवर शालू नेसला. महाराष्ट्रातल्या बायका त्यांच्याकडे बघून पदर घ्यायला शिकल्या असं आमची आजी सांगायची, आणि आजोबा काय शिकले ते ती सांगत नसे. एकेका पदाला वन्समोरावर वन्समोर, नाटक संपायला पहाट. पुढे बोलपट आले, नाटकाची थिएटरं ओस पडू लागली, आणि बालगंधर्वांनी पुण्याच्या प्रभात कंपनीशी भागीदारी करून पडद्यावर पाऊल टाकलं. दिग्दर्शक व्ही. शांताराम, संगीत मास्टर कृष्णरावांचं. विषय संत एकनाथ. चित्रपटाचं नाव आधी ‘महात्मा’ होतं. सेन्सॉरला त्यात गांधीजी दिसले, म्हणून ते बदलून ‘धर्मात्मा’ केलं. एवढी तयारी, एवढी मोठी नावं. आणि चित्रपट अपेक्षेइतका चालला नाही. भागीदारीतला तो पहिला आणि शेवटचा चित्रपट.

का चालला नाही, याची कारणं विद्वानांनी दिली आहेत. मी बँकेतला माणूस, मला एकच नोंद दिसते. जन्मभर स्त्रीचं काम करणारा पुरुष अखेरीस एकदा पुरुषाचं काम करायला उभा राहिला, आणि लोकांना ते खोटं वाटलं! तुम्ही जरा थांबून या वाक्याची मजा घ्या. बाप्यानं लुगडं नेसलं तेव्हा ते खरं होतं, त्याच बाप्यानं धोतर नेसलं तेव्हा मात्र सोंग! अहो, तीस वर्षं सोंग कोणतं होतं?

बरं, गंभीर काम त्यांना जमत नव्हतं म्हणावं तर तेही नाही. ‘एकच प्याला’तली सिंधू काय विनोदी आहे? गडकरी १९१९ च्या जानेवारीत गेले आणि त्याच साली हे नाटक रंगभूमीवर आलं. भरजरीत वावरणारे बालगंधर्व त्यात ठिगळाच्या लुगड्यात जात्यावर बसले आणि थिएटर हुंदके देत होतं. म्हणजे दुःख चालतं, पण लुगड्यातलं. खातं तेच पाहिजे. मग त्यात तुम्ही आनंद भरा नाहीतर दुःख भरा.

गाणं नव्हतं म्हणावं तर ‘धर्मात्मा’त बालगंधर्व गातातही. नव्हता तो वन्समोर. रीळ पुढे सरकतं, ते मायबाप प्रेक्षकांसाठी मागे फिरत नाही. ज्याला एका ओळीत अर्धा तास रमायची सवय त्याला तीन मिनिटांत उठायला लावलं, आणि ज्यांना अर्धा तास ऐकायची सवय त्यांना तीन मिनिटांत घरी पाठवलं. दोघांचीही चुकामूक झाली. मी हे मान्य करतो. हेही मान्य करतो की कॅमेऱ्यासमोर ते काहीसे अवघडलेले वाटतात, आणि काही ठिकाणी शांतारामांच्या चालीत आणि त्यांच्या चालीत अंतर पडतं. पण मी तो चित्रपट घासलेल्या प्रतीवरून पाहिला, याच उसाच्या बांधावर, आणि मला जे दिसलं ते असं की हा माणूस स्वतःचं मोठेपण घराच्या कोनाड्यात ठेवून आला आहे. त्याला टाळी नको आहे. तीस वर्षं टाळ्यांवर वाढलेला माणूस टाळीशिवाय उभा राहायला शिकत होता. त्या शिकण्याला आपण एक हंगाम दिला नाही.

आणि गोष्ट कोणती तर एकनाथांची. ज्यांना समाज शिवत नव्हता त्यांच्या घरी जाऊन जेवणाऱ्या, आणि त्यासाठी सगळ्या पैठणाशी वाकडं घेणाऱ्या माणसाची. ‘ज्यानं त्यानं आपल्या पायरीनं राहावं’ हेच तर पैठणचे शास्त्री नाथांना सांगत होते. पडद्यावर ते ऐकून प्रेक्षक शास्त्र्यांवर चिडले असतील, आणि बाहेर येऊन बालगंधर्वांना तेच सांगितलं असेल. (तुलना करत नाही. कुठे पिढ्यान्‌पिढ्यांचं ते दुःख आणि कुठे नटाची भूमिका! पण वाक्य तेच, एवढंच म्हणतो.)

पुढच्याच वर्षी, १९३६ साली, त्याच प्रभातनं ‘संत तुकाराम’ काढला. दिग्दर्शन दामले-फत्तेलालांचं आणि तुकाराम झाले विष्णुपंत पागनीस. तेही गाणारे आणि तेही एके काळचे स्त्रीपार्टी! पण त्यांच्या नावावर महाराष्ट्रानं एवढं मोठं खातं उघडलेलं नव्हतं. लोक पागनीस बघायला आले नाहीत, तुकाराम बघायला आले, आणि त्यांना तुकाराम दिसला. चित्रपट मुंबईत वर्षभराहून जास्त चालला, १९३७ साली व्हेनिसला जाऊन नाव मिळवून आला. कंपनी तीच, संत तसाच, अभंग तसेच, नटाचा पूर्वेतिहाससुद्धा तसाच. फरक फक्त शिल्लक रकमेचा. बालगंधर्वांच्या खात्यात प्रेम इतकं जमा होतं की त्यातून त्यांना एक रुपयाही दुसरीकडे वळवता आला नाही.

आणि मग काय झालं? १९३७ साली ‘साध्वी मीराबाई’ आला. त्यात बालगंधर्व पडद्यावर आले ते मीराबाई होऊन. पुन्हा लुगडं. एल्विसचं ‘ब्लू हवाई’ आणि आमचं हे! परत जा आपल्या काउंटरवर.

पुढे १९६७ साली ते गेले. २०११ साली त्यांच्यावर ‘बालगंधर्व’ नावाचा चित्रपट निघाला. सुबोध भावे यांनी काम केलं, गळा आनंद भाटे यांचा. लोक डोळे पुसत बाहेर पडले. अण्णाही दोनदा जाऊन आले. म्हणजे सुबोध भावे बालगंधर्व होऊ शकतो, पण बालगंधर्व एकनाथ होऊ शकत नाहीत. न गाणाऱ्यानं गायकाचं काम केलं तर वा वा, आणि गायकानं संताचं केलं तर छे छे!

अण्णा थोडे हलले होते, पण हेडकॅशिअर सहजासहजी हिशेब सोडत नाही. दुपारी डबा खाताना त्यांनी पुन्हा उचल खाल्ली. “मग सैगल? १९३५ सालचाच ‘देवदास’. गाणाराच होता ना? सगळा देश रडला.”

मुद्दा जोरदार होता. मी भाकरीचा तुकडा तोंडात असल्याचा बहाणा करून विचार केला. मग म्हणालो, “अण्णा, सैगलचं खातं पहिल्या दिवसापासून संयुक्त होतं. गळा आणि चेहरा दोघांच्या सहीचं. लोकांसमोर दोघं एकदम आले. एकाच नावाचं खातं उघडून पुढे दुसरं नाव घालायला जा, मग बघा काउंटरवर काय होतं ते.”

आणि संयुक्त खातं ही तर आपल्या घरची पद्धत! १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ लावलं तेव्हापासून मराठी नट गातच होता. ‘गायक नट’ हा एक शब्द होता, दोन नव्हते. मग हे खातं फुटलं कधी? तर १९३५ सालीच ‘धूप छाँव’ नावाचा हिंदी चित्रपट आला आणि पार्श्वगायन सुरू झालं. गळा एकीकडे, तोंड दुसरीकडे. त्यानंतर गायकाला चेहरा असतो हेच आपण विसरलो. ज्या वर्षी बालगंधर्व गाण्यातून अभिनयाकडे निघाले त्याच वर्षी मधला पूल काढायला सुरुवात झाली होती. काय मुहूर्त!

पूल काढल्यानंतरही एकजण पलीकडे गेला, त्याचा किस्सा सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. गणपतीत आमच्याकडे मांडव घालून किशोरकुमारची गाणी होतात. गावातला प्रत्येक तरुण, आणि ज्याला आपण तरुण आहोत असं वाटतं तो प्रत्येक माणूस, माइक धरून किशोर होतो. या सगळ्यांना किशोरकुमारची एक अंगाईवजा गोष्ट पाठ आहे, बाप मुलाला लांबच्या निळ्या आभाळाखाली घेऊन जायला निघतो ती. ती कुठल्या चित्रपटातली, असं एकदा मी मांडवात विचारलं. कोणाला सांगता येईना.

तो चित्रपट ‘दूर गगन की छाँव में’, १९६४ सालचा. निर्माता, दिग्दर्शक, संगीतकार आणि नायक किशोरकुमार. पण हा नाचरा, उड्या मारणारा किशोर नव्हे. युद्धावरून परतलेला शिपाई. घर जळून गेलेलं, बायको मेलेली, आणि भीतीनं वाचा गेलेला एकुलता मुलगा. ते मुलाचं काम किशोरच्या खऱ्या मुलानं, अमितकुमारनं केलंय. आता गंमत ऐका. ही गोष्ट घेतलेली आहे एका अमेरिकन घोडेबंदुकांच्या चित्रपटावरून. ‘द प्राउड रिबेल’, १९५८. त्यातला बाप ॲलन लॅड, आणि मुक्या मुलाचं काम त्याचाच खरा मुलगा डेव्हिड लॅड यानं केलं होतं. म्हणजे गुराख्यांच्या सिनेमात गंभीर काम करायचा योग एल्विसला आला तसा, जरा वळसा घालून, आमच्या किशोरलाही आला. त्याच्या तोंडावर त्या चित्रपटात इतकं साचलेलं दुःख आहे की तो केव्हा उडी मारतो म्हणून वाट बघणाऱ्याला आपलीच लाज वाटावी. पण लक्षात काय राहिलं? गाणं. गाणं मांडवात, भूमिका गोदामात.

अशा वेळी शहाणे लोक मधला रस्ता काढतात. १९५९ सालचा ‘रिओ ब्राव्हो’ बघा. हॉवर्ड हॉक्सचा, घोडेबंदुकांमधला उत्तम. डीन मार्टिन हा नावाजलेला गायक, त्यानं त्यात दारूनं हात थरथरणाऱ्या शिपायाचं काम असं केलंय की आपल्यालाच पाणी प्यावंसं वाटतं. शत्रूनं वेढा घातलाय, तुरुंगात सगळे अडकलेत, मरण दारात. आणि अशा वेळी हा डीन मार्टिन आणि तो पोरसवदा रिकी नेल्सन, तोही गायकच, चक्क गायला बसतात! दोन गाणारे एका कोठडीत असताना गाणं झालं नसतं तर लोकांनी खुर्च्या फोडल्या असत्या. मला ते गाणं आवडतं. पण ते गाणं म्हणजे काउंटरवर भरलेला दंड आहे.

हे सगळं मी इतकं मनाला का लावून घेतो, असं आमच्या सौ.नी विचारलं. “तुम्ही कुठं गाणारे आहात?” हे बरोबर आहे. मी गात नाही. मी विनोदी आहे.

म्हणजे बँकेच्या स्नेहसंमेलनात मी दोन नकला केल्या, दिवाळी अंकांत चार लेख लिहिले, आणि शाखेनं माझं खातं उघडलं. तेव्हापासून मी ‘आज उकाडा आहे’ म्हणालो तरी लोक हसतात. सुरुवातीला बरं वाटलं. पुढे आमच्या शाखेतले शिपाई मामा गेले. चौतीस वर्षांची नोकरी. बँक बंद झाल्यावर शाखेतच शोकसभा झाली. मामांचा मुलगा येऊन बसला होता. साहेब बोलले, अण्णा बोलले, मग मी उठलो.

मी म्हणालो, “मामा रोज सकाळी माझ्या टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवायचे.” आणि पहिल्या रांगेत दोघांनी गालातल्या गालात हसायला सुरुवात केली. मी म्हणालो, “मी एकदाही त्यांना तुम्ही प्यायलात का, असं विचारलं नाही.” आणखी चारजण सरसावून बसले. आता येणार, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. माझा गळा दाटून आला आणि मी थांबलो. आणि त्या थांबण्यावर मागून कोणीतरी हसलं. हसण्याच्या जागी नव्हे, जागा येणार म्हणून, आगाऊ. मी मामांच्या मुलाकडे बघितलं. तोही डोळे पुसता पुसता माझ्याकडे हसून बघत होता. त्याला वाटलं, बापाच्या नावानं हा माणूस काहीतरी चांगलंसं सांगणार, आपण हसायला हवं.

मी एक विनोद केला. मामांच्या सायकलचा. सगळे हसले, मुलगाही हसला. बाहेर पडताना साहेब म्हणाले, “छान खुलवलंत.”

त्या रात्री पाण्याची पाळी नव्हती तरी मी विहिरीवर जाऊन बसलो होतो. मोबाइल लावला नाही.

या महिन्याच्या एकतीस तारखेला अण्णा निवृत्त होताहेत. परवा सगळे गेल्यावर ते माझ्या काउंटरशी आले. तिजोरीची किल्ली बोटात फिरवत बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, “राव, माझ्या निरोपाला तुम्ही बोलणार आहात म्हणे.”

“हो अण्णा. साहेबांनी सांगितलंय.”

“त्या दिवशी तेवढी नक्कल नका करू माझी. सरळ बोला. आपण पंधरा वर्षं शेजारी बसलो. जे असेल ते बोला.”

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं होतं, पण ते काउंटरवर बोलण्यासारखं नव्हतं. अण्णा दारापर्यंत गेले आणि परत वळले.

“पण शेवटी शेवटी एक-दोन विनोद टाका बरं का,” ते म्हणाले. “लोक तुमच्यासाठी थांबतात, राव. नाराज व्हायला नकोत.”